तळ्याच्या पाळीखालून पाणी निघायलंय, कधी घाबरायचं?

बालाघाटकर · 9 ऑक्टोबर, रात्री 9:12

राम राम मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या उतारावर. गावाच्या वरच्या अंगाला लघु पाटबंधारेचं तळं आहे, बहात्तरच्या दुष्काळानंतर झालेलं. पाळ मातीची, आतल्या बाजूनं दगडाचं पिचिंग, उजवीकडं सांडवा, मध्ये विमोचकाची, म्हणजे तळ्यातलं पाणी सोडायच्या गेटची, विहीर. फलकाचा रंग उडालाय, पण वाचता येतं: उंची 13 मीटरच्या आसपास, साठा दीड दलघमीच्या (दशलक्ष घनमीटर) वर. खाली ओढ्याच्या काठाला आमची वस्ती, शाळा, आणि पुढं दुसरं गाव.

सप्टेंबर 2025 चा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. धाराशिव, बीड, लातूर, खाली सोलापुरात सीनाकाठ, कुणालाच सोडलं नाही. आमचा सांडवा आठवडाभर चालू होता. आता पाणी सांडव्याच्या खाली गेलंय. पण पाळीच्या पायथ्याला, विमोचकाच्या डाव्या अंगाला, चिखल होऊन पाणी निघायलंय. तिथं ओल पहिल्यापासून असायची, लव्हाळा उगवायचा. यंदा मात्र चांगली धार लागलीय.

म्हातारी माणसं म्हणतात, "मातीचं तळं हाय, पाझरणारच." पोरं म्हणतात व्हिडिओ टाकू, म्हणजे साहेब पळत येतील. नुसतं पाझरणं कोणतं आणि फुटायचं लक्षण कोणतं, हे कळणाऱ्या माणसानं सांगावं.

लातुरी_तडका · 9 ऑक्टोबर, रात्री 9:30

2016 च्या उन्हाळ्यात आम्ही मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालो. तुमच्याकडं पाळीतून फुकट निघलालंय तर तक्रार करलालाव!

मस्करी सोडा. आमच्या शेजारगावच्या पाझर तलावाला असंच झालतं. लोकांनी दोन टिप्पर काळी माती टाकून बुजवलं. धार थांबली बी. तसंच करा की.

माजी_पाटकरी · 9 ऑक्टोबर, रात्री 10:05

माती टाकायची नाही. थांबा. कुणी टाकत असेल तर हात धरा.

बालाघाटकर, पहिलं हे सांगा, पाणी नितळ आहे का गढूळ? डोळ्यानं सांगू नका, काचेच्या ग्लासात धरा, रात्रभर ठेवा आणि सकाळी बुडाला काय बसलंय ते बघा. मी कालव्यावर जन्म काढला. किती पाणी निघतंय ते आम्ही नंतर बघायचो, आधी रंग. नितळ पाणी निघालं तर तळं पाझरतंय. गढूळ निघालं तर तळ्याची माती चाललीय.

मुरूम_माती · 9 ऑक्टोबर, रात्री 11:20

पाटकरी साहेबांनी मुद्द्याचं सांगितलं. मी अशी कामं करूनच निवृत्त झालो, थोडी भर घालतो.

मातीचं धरण पाणी पूर्ण अडवत नाही, ते पाण्याला दमवतं. मध्ये चिकणमातीचा गाभा असतो, त्याला आम्ही हार्टिंग म्हणतो. दोन्ही बाजूंना मुरमाचं केसिंग. खाली कठीण थरापर्यंत चर खणून तोही चिकणमातीनं भरलेला. गाभ्यातून येताना पाण्याचा जोर मरतो आणि उरलंसुरलं पाणी पायथ्याच्या दगडी टो-मधून, म्हणजे पाळीच्या बाहेरच्या पायाशी रचलेल्या दगडांतून, बाहेर पडतं. त्यामुळं पायथ्याला, टो-च्या आसपास नितळ पाणी दिसणं हे धरण नीट चालल्याचंच लक्षण असू शकतं.

वाईट कधी? हेच पाणी वाटेत मातीचा कण सोबत घेऊ लागलं की. कण गेला की पोकळी, पोकळीत पाण्याचा वेग वाढतो, वेगानं आणखी कण जातात. बाहेरच्या तोंडापासून आत, तळ्याच्या दिशेनं, एक नळी तयार होत जाते. याला पायपिंग म्हणतात. नळी आतल्या पाण्याला भिडली की मग तासांचा खेळ असतो, कधी तेवढाही नाही.

तुमच्या पोस्टमध्ये मला खटकलं ते "विमोचकाच्या डाव्या अंगाला". विमोचकाचा नळ पाळीच्या पोटातून आरपार जातो. नळाच्या कडेला रोलर पोचत नाही, तिथली माती हातानं धुमसावी लागते, आणि हातानं काम म्हणजे कसं काम ते तुम्हाला माहीत आहे. पाणी नेमकी तीच वाट शोधतं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेही विमोचकावरचा भराव खचत गेला म्हणून. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली होती.

म्हणून उद्या उजाडल्यावर एवढं बघून या. पाण्याचा रंग. पाणी उकळी फुटल्यासारखं खालून वर येतंय का आणि भोवती बारीक मातीचं कडं साचलंय का. पाळीच्या माथ्यावर कुठं दबलंय का, लांबीच्या दिशेनं भेग आहे का. बाहेरच्या उतारावर टो-च्या बरंच वर, मधेच, ओलं किंवा हिरवंगार झालंय का. आणि तळ्यात विमोचकाजवळ पाण्याला भोवरा पडतोय का. यातलं गढूळ पाणी किंवा भोवरा दिसला तर इथं लिहीत बसू नका. वस्ती हलवा, जिल्हा आपत्ती कक्षाला 1077 वर लावा, तहसीलदारांना कळवा.

शिवारफेरी · 10 ऑक्टोबर, सकाळी 7:15

माती का टाकायची नाही ते कुणी सांगेल का? गळतंय तिथं बुजवायचं, एवढं साधं आहे की. आमच्या सरपंचांनी तर गेल्या साली जेसीबी लावून हेच केलं आणि सत्कार पण झाला.

मुरूम_माती · 10 ऑक्टोबर, सकाळी 8:40

पाणी आतून ढकलतंय. तुम्ही बाहेरचं तोंड चिकणमातीनं बंद केलं तर पाणी जायचं थांबत नाही, पाळीच्या आत तुंबतं. बाहेरचा उतार भिजून जड होतो आणि घसरतो, नाहीतर पाणी दोन-चार मीटरवर दुसरं तोंड काढतं, ते तुमच्या नजरेतही येत नाही. सत्कार झाला तेव्हा धार बंद दिसली असेल. एकदा टो-च्या वरचा उतार बघून या.

बाहेरच्या बाजूला करायचं ते नेमकं उलट: पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. निघतंय त्या जागेवर आधी जाडी वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी आणि दगड. याला उलटा फिल्टर म्हणतात. वाळू टिकत नसेल, पाणी उडवून लावत असेल, तर भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करून पाणी थोडं वर चढू द्यायचं, म्हणजे जोर कमी होतो. कडं वरून झाकायचं नाही. बुजवाबुजवी करायची तर आतून, तळ्याच्या बाजूनं, आणि तीही माहितगार माणूस उभा असताना.

लातुरी_तडका · 10 ऑक्टोबर, सकाळी 9:02

मंग आमच्या शेजारगावात जाऊन बघावं लागंल. मस्करी अंगलट येलालीय.

बालाघाटकर · 10 ऑक्टोबर, दुपारी 1:25

जाऊन आलो. सोबत गावातली दोन शहाणी माणसं आणि चार अतिशहाणी होती.

ग्लासात पाणी नितळ. सकाळपर्यंत बुडाला काही बसलं नाही, दोन लव्हाळ्याची पातं सोडली तर. उकळी नाही, भोवरा नाही. धार मोजायला ओढ्याच्या तोंडाला पत्र्याचा तुकडा लावून बादली धरली. 15 लिटरची बादली वीसेक सेकंदात भरली.

बाकी जे दिसलं ते मात्र बरं नाही. पाळीच्या बाहेरच्या अंगावर वेड्या बाभळीचं रान झालंय, काहींचे बुंधे मांडीएवढे. घुशींची बिळं आहेत. गुरं चढून चढून दोन पायवाटा पडल्यात, पावसाचं पाणी त्याच वाटेनं घळी पाडत खाली आलंय. आणि सगळ्यात भारी म्हणजे पाळीचा माथा चरून तीन पाइपलाइनी आरपार नेल्यात. मोटारी आतल्या बाजूला, पाइप पाळीतून. सांडव्यावर अजून पोत्यांची रांग आहे. अर्धी पुरात वाहून गेली, अर्धी शिल्लक.

विमोचकाचं चाक फिरवायला गेलो तर जागचं हललं नाही.

उसाचा_फड · 10 ऑक्टोबर, दुपारी 2:10

पाइपलाइनी आणि पोती ऐकली की सगळे शेतकऱ्याच्या नावानं बोटं मोडणार, म्हणून आधीच लिहितो.

तळं झालं तेव्हा कालवा दाखवला होता. कालव्याला पाणी किती वर्षं आलं ते विचारा. चाऱ्या बुजल्या, गेट गंजलं, पाणीपट्टीची नोटीस तेवढी वेळेवर. मग माणसानं मोटार टाकायची नाही तर काय करायचं? आणि पोती म्हणाल तर एरवी पाऊस सांडव्यावरून डोळ्यांदेखत निघून जातो. दोन फूट पाणी जास्त अडलं तर एप्रिलात तेवढंच एक आवर्तन जास्त. तीन वर्षांतून एकदा तळं भरतं, तेव्हाही पाणी सोडून द्यायचं? पाणी अडवा, पाणी जिरवा असं सरकारनंच भिंतीवर लिहिलंय.

माजी_पाटकरी · 10 ऑक्टोबर, दुपारी 3:00

फड, तुमचं गाऱ्हाणं खरं आहे. कालवा चालू असता तर निम्म्या मोटारी लागल्याच नसत्या. पण पाइप पाळीच्या वरून नेता येतो. वरून नेला, दोन्हीकडं उतरवला, सायफन केला तरी चालतं. पाळ चरून नेला की पाइपच्या कडेनं पाण्याला वाट मिळते, आणि पाइप फुटला तर पाळीच्या पोटातच फुटतो. माथ्यावर चर म्हणजे पूर चढला की पहिलं पाणी तिथूनच जाणार.

मुरूम_माती · 10 ऑक्टोबर, दुपारी 4:35

पोत्यांचं गणित सांगतो, कारण ते दिसतं त्यापेक्षा वाईट आहे.

सांडवा म्हणजे जास्तीचं पाणी जाण्याची एकच वाट. अशा तळ्याला दरवाजे नसतात. पूर आला की पाणी सांडव्याच्या माथ्यावर चढतं आणि जितकं चढेल तितकं जोरात जातं. समजा तुमच्या सांडव्यावर मोठ्या पुरात 1.2 मीटर पाणी चढेल असं धरून पाळीची उंची ठरवली आहे. तुम्ही 60 सेंमी पोती रचली. आता त्याच पातळीला सांडव्यावर उरलं 60 सेंमी. वाटेल, पाणी निम्मं जाईल. तसं होत नाही. सांडव्यावरून जाणारा पूर चढलेल्या पाण्याच्या दीडाव्या घाताच्या हिशेबात असतो, त्यामुळं निम्म्या उंचीला तो जवळपास एक-तृतीयांशावर येतो. बाकीचं दोन-तृतीयांश तळ्यात चढत राहणार. पोती वेळेत वाहून गेली तर नशीब. नाही गेली तर पाणी पाळीवरून जाईल, आणि दगडी भिंत पाण्याखाली गेली तरी तग धरते, मातीची पाळ धरत नाही. मागच्या उताराची माती कापत कापत ते माथ्यापर्यंत येतं. 11 ऑगस्ट 1979 ला गुजरातेत मोरबीच्या वरचं मच्छू-2 धरण असंच गेलं. मधला दगडी भाग उभा राहिला, दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले.

फड, दोन फूट पाणी हवंच असेल तर गाळ काढा. तळ्याचं पोट खाली वाढवा.

जेसीबी_खोऱ्यातला · 10 ऑक्टोबर, संध्याकाळी 6:20

गाळाचा विषय निघाला म्हणून. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत आम्ही भरपूर गाळ उपसला. एक गोष्ट कुणी सांगत नाही. शेतकऱ्याला गाळ पाळीजवळचाच पाहिजे असतो, कारण तिथं रस्ता आहे, ट्रॅक्टर लावायला सोपं. तिथंच खोल खड्डा करतात, आणि हौसेनं खालचा मुरूम बी उचलतात. पाळीच्या आतल्या पायथ्याशी साचलेला बारीक गाळ पाणी खाली मुरायला अडवतो. तो काढला, वर मुरूम उघडा केला, की पाणी पाळीखालून जायला मोकळं. आपला नियम एकच: पिचिंग संपतं तिथून लांब राहायचं आणि मुरूम लागला की बकेट वर. याच्यावरनं भांडणं झालीत, भाडं गेलंय.

हिंगोलीकर · 10 ऑक्टोबर, रात्री 8:50

आमच्याकडं वसमत, कळमनुरीच्या भागात जमीन हादरायची सवयच झालीय. 2024 मध्ये मार्चला एकदा आणि जुलैला एकदा 4.5 तीव्रतेचा धक्का बसला. त्यानंतर घराच्या भिंती सगळ्यांनी पाहिल्या, तळ्याच्या पाळीवर कुणी गेल्याचं ऐकलं नाही. तुमच्या जिल्ह्यानं तर 1993 चा किल्लारीचा भूकंप भोगलाय. धक्क्यानंतर पाळ बघायची असते का?

मुरूम_माती · 10 ऑक्टोबर, रात्री 9:15

बघायचीच असते, आणि आता ते धरण सुरक्षा कायद्यातही आहे. माथ्यावर लांबीच्या दिशेनं भेग पडली का आणि गळतीचं पाणी अचानक वाढलं किंवा गढूळलं का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

माजी_पाटकरी · 10 ऑक्टोबर, रात्री 9:40

आणखी एक. आपल्याकडं लोक भरलेल्या तळ्याला भितात, मला कोरडं तळं भरताना जास्त भीती वाटायची. दोन-तीन वर्षं पाणी नाही, उन्हात काळी माती तडकते. शेतातल्या भेगेत हात जातो तसंच पाळीचं. मग एका रात्रीत ढग फुटल्यासारखा पाऊस येऊन तळं काठोकाठ. माती फुगून भेग मिटायला वेळ लागतो, पाणी तेवढं थांबत नाही. मराठवाड्यात हेच होतं, पाच वर्षं टँकर आणि सहाव्या वर्षी अतिवृष्टी. दुष्काळानंतर तळं पहिल्यांदा भरतंय त्या रात्री पाळीवर माणूस पाहिजे.

बालाघाटकर · 11 ऑक्टोबर, दुपारी 12:30

आज कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या. पहिल्या ठिकाणी म्हणाले, हे तळं आमच्या यादीत नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, हस्तांतर झालंय पण कागद आलेले नाहीत. तिसऱ्या ठिकाणी साहेब मीटिंगला होते, शिपाई मात्र चांगला निघाला, त्यानंच सांगितलं की "अर्जावर सिंचन क्षेत्र लिहा, त्याशिवाय इथं कुणी हात लावत नाही." तळं नक्की आहे कुणाचं?

अर्ज_विनंती · 11 ऑक्टोबर, दुपारी 2:45

शिपायानं बरोबर सांगितलं. आपल्याकडं तळ्याचा बाप सिंचन क्षेत्रावरून ठरतो. 100 हेक्टरपर्यंत जिल्हा परिषद, त्यावर 600 हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभाग, त्याच्या वर जलसंपदा. जुनी तळी मधल्या काळात इकडून तिकडं गेली, म्हणून यादीचा घोळ. फलकावर सिंचन क्षेत्र असेल, त्याचा फोटो अर्जाला जोडा आणि तिन्ही कार्यालयांना एकच अर्ज देऊन पोच घ्या. "आमच्याकडं नाही" हेही लेखी मागा. ते लिहून द्यायची वेळ आली की यादी सापडते, असा अनुभव आहे.

तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या आकड्यांकडं कुणी लक्ष दिलं नाही. धरण सुरक्षा कायदा 2021, लागू 30 डिसेंबर 2021 पासून. 15 मीटरपेक्षा उंच धरणं त्यात सरसकट येतात. पण 10 ते 15 मीटरमधलीही येतात, जर माथ्याची लांबी किमान 500 मीटर असेल किंवा साठा किमान 10 लाख घनमीटर असेल, आणखीही एकदोन अटी आहेत. 10 लाख घनमीटर म्हणजे 1 दलघमी. तुमचं तळं 13 मीटर आणि दीड दलघमी. म्हणजे ज्याला गावात आपण नुसतं तळं म्हणतो ते कायद्याच्या लेखी धरण आहे. आणि कायद्यातली उंची पायाच्या तळापासून मोजतात. फलकावरची ओढ्याच्या पात्रापासून असेल तर प्रत्यक्ष आणखी जास्त निघेल.

याचा अर्थ पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक तपासणी, शिवाय पूर किंवा भूकंपानंतर वेगळी, हे मालक विभागावर बंधनकारक आहे. आणीबाणीचा कृती आराखडाही हवा. माहिती अधिकारात एवढंच मागा: गेल्या पाच वर्षांतल्या पावसाळापूर्व आणि पावसाळोत्तर तपासणीच्या प्रती. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे, एक प्रत तिकडं पाठवा. आणि ग्रामसभेचा ठराव घ्या, एकट्याच्या अर्जापेक्षा त्याचं वजन वेगळं.

शिवारफेरी · 11 ऑक्टोबर, दुपारी 3:20

तिवऱ्याच्या लोकांनीही तक्रारी केल्या होत्या. 2 जुलै 2019 ला चिपळूण तालुक्यातलं ते धरण फुटलं. गळतंय म्हणून आधीच सांगत होते. वीसहून जास्त माणसं गेली. मग मंत्र्यांनी सांगितलं की खेकड्यांनी धरण पोखरलं. अर्ज, पोच, ठराव ठीक आहे, पण पुढचा पाऊस अर्जाला थांबत नाही.

अर्ज_विनंती · 11 ऑक्टोबर, दुपारी 3:50

मान्य. म्हणून अर्ज करायचा आणि पाळीवरही जायचं. खेकडा आणि घूस बीळ करतातच. पण ते बीळ वर्षानुवर्षं कुणाला दिसलं नाही, याचा जाब खेकड्याला विचारता येत नाही.

उसाचा_फड · 11 ऑक्टोबर, संध्याकाळी 5:30

उरलेली पोती आम्ही उद्या काढतोय. आमच्या भावकीच्या दोन पाइपलाइनी आहेत, त्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर वरून घेऊ. चर कसा भरायचा तेवढं सांगा. तिसरी लाइन ज्याची आहे तो कुणाचं ऐकत नाही, ते गावानं बघावं.

मुरूम_माती · 11 ऑक्टोबर, संध्याकाळी 7:10

हे ऐकून बरं वाटलं. चर मुरमानं भरू नका. विभागाचा माणूस उभा करून, चिकणमाती ओलसर करून, वीत-अर्ध्या वितीच्या थरांनी धुमसून भरा. कोरडी ढेकळं लोटून वरून ट्रॅक्टर फिरवला तर तो भराव नाही, झाकण झालं.

बाभळी: मनगटापेक्षा बारीक असतील त्या आताच काढा. मांडीएवढ्या नुसत्या तोडून सोडल्या तर मुळं आत कुजतात आणि पाळीत आयती पोकळी राहते. त्या पाणी खाली गेल्यावर मुळासकट काढून खड्डा वर सांगितल्यासारखा भरायचा, तेही विभागाला सांगून. आता भरल्या तळ्यात मुळं उपटायला जाऊ नका.

विमोचकाचं चाक: पहारी घालून जबरदस्ती करू नका. रॉड तुटला आणि गेट अर्धं उघडं अडकलं तर सगळं पाणी हातातून जाईल. शिवाय तळं झपाट्यानं उतरवलं तर आतला भिजलेला उतार घसरतो. यांत्रिकी विभागाकडून वंगण, दुरुस्ती करून घ्या, आणि हा मुद्दा अर्जात सगळ्यात वर लिहा. गळती आज नितळ आहे, पण ती गढूळ झाली तर पाणी उतरवायला दुसरी सोय तुमच्याकडं नाही. लातुरी_तडका, तुमच्या शेजारगावच्या पाझर तलावाला तर विमोचकच नसणार. तिथं वेळ आली तर पंप आणि सायफन एवढाच मार्ग. लवकर बघून या.

आता मोजमाप. 15 लिटर वीस सेकंदात, म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर. हा आकडा एकटा काही सांगत नाही. तळ्याची पातळी तीच असताना किंवा उतरत असताना धार वाढली, तर काळजी. म्हणून रोज धार आणि पातळी दोन्ही वहीत लिहा, पाऊस पडला तर तोही. बादलीपेक्षा खाचेचा पत्रा बरा. पत्र्याला 90 अंशाची खाच कापा, टोक खाली, आणि पाणी त्यातूनच जाईल असा बांध घाला. पत्र्याच्या मागं थोडं लांब, खाचेच्या टोकाच्या पातळीला शून्य धरून पट्टी रोवा. 5 सेंमी पाणी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटरच्या जरा वर, तुमच्या आजच्या धारेएवढं. 10 सेंमी म्हणजे सव्वाचार लिटरच्या वर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीच्या पुढं जातं, म्हणून पट्टीवरचा एकेक सेंमी महत्त्वाचा.

बालाघाटकर · 13 ऑक्टोबर, सकाळी 8:05

पोती निघाली. ग्रामसभा येत्या सोमवारी. तिन्ही कार्यालयांत अर्ज दिले, दोन पोच मिळाल्या, तिसरे म्हणतात उद्या या. वहीची जबाबदारी शाळेतल्या सातवीच्या पोरांनी गुरुजींसोबत घेतलीय, रोज सकाळी जायचं आणि एक ग्लास पाणी खिडकीत ठेवायचं. पाळीच्या उतारावर चढायचं नाही अशी तंबी दिलीय. खालच्या गावातल्या चार जणांचे नंबर घेऊन ठेवलेत, त्यांनाही आमचे दिलेत.

खाचेचा पत्रा वेल्डिंगवाल्यानं कापून दिला. 90 अंशच आहे का हे घरच्या घरी कसं बघू?

मुरूम_माती · 13 ऑक्टोबर, सकाळी 8:30

गवंड्याचा गुण्या लावा, झालं. आणि खाचेची कड पाणी येतं त्या बाजूनं धारदार राहू द्या, पाणी पत्र्याला चिकटून घरंगळलं तर आकडा खोटा येतो.